तिनाचा आठ

चौदाव्या ग्रीनमागची टेकडी
एक पूर्णांक बत्तीस.
म्हणजे पेद्रूने माथ्यावर धरलेल्या पट्टीचा
दुर्बिणीच्या आडव्या तारेवर आलेला आकडा.
आकडा जितका लहान तितकी जमीन उंच,
हे समजावताना माझी नेहमी दमछाक होते.
धंदाच उलटा आहे आमचा.

वेंगुर्ल्याच्या उत्तरेला, सुरूच्या बनापलीकडे,
जिथे भात नाही, नाचणी नाही,
मर्यादवेल आणि कुर्ल्यांची बिळं,
तिथे कुणा हौशी कलेक्टराने नऊ होल खणले.
पुढे अठरा झाले.
आता दोन वर्षांनी जगातले दीडशे खेळाडू येणार,
म्हणून सगळं पुन्हा मापायचं.
सातवा लांबवायचा. अकराव्याचे बंकर समुद्राकडे सरकवायचे.
सोळाव्यावर प्रेक्षकांची गॅलरी,
गॅलरीखाली केबल, केबलखाली पाइप,
पाइपाखाली पुन्हा वाळूच.

आराखडा इस्ला रेंटन बाईंचा.
बूट हातात घेऊन चालतात, तळव्यांनी उतार ओळखतात.
मी लेव्हल लावायच्या आत म्हणतात,
इथे पाणी डावीकडे जाईल.
जातं.
सकाळची मतलई पाठीवर घेतात, दुपारचा खारा वारा तोंडावर,
आणि वहीत एकच बाण काढतात, दोन टोकांचा.
मला त्या आवडतात. हे आधीच सांगून ठेवतो.

चौदाव्यावर त्या म्हणाल्या, खेळाडूला समुद्र दिसला पाहिजे.
कॅमेऱ्यालाही.
टेकडीचा वरचा मीटरभर काढायचा.
कागदावर तपकिरी रेषा निळ्या झाल्या, एवढंच.

त्या टेकडीवर बाबलो गिरप उभा राहतो,
रापणीच्या दिवसांत, झुंजुमुंजूपासून.
पाणी कुठे काळवंडलं,
कुठे अंगावर काटा आल्यासारखं शहारलं,
हे त्यालाच, आणि तिथूनच, दिसतं.
मग तो डोक्याचं फडकं सोडतो.
डावीकडे हलवलं की होडी डावीकडे,
गोल फिरवलं की जाळं पाण्यात.
पुळणीवर चाळीस माणसं दोर धरून, नजर वर.
आणि इथला एक जुना नियम, कुठल्याच पुस्तकात नसलेला:
फडकं हवेत आहे तोवर
कुणी चेंडू मारायचा नाही.

मी त्याला विचारलं, मीटरभर कमी झाली तर?
"मीटर म्हंजे किती?"
मी कमरेशी हात धरला.
त्याने हाताकडे पाहिलं, मग पाण्याकडे. बराच वेळ.
"अर्धो गेलो तर चलात.
पुढे मासो दिसाचो नाय."

रात्री ऑफिसात पंखा बंद होता, वही उघडी.
इंग्रजी तिनाला दोन तोंडं असतात, दोन्ही उघडी.
मिटली की आठ होतो.
बावीस वर्षांत मी रबर वापरलेला नाही;
चुकलं तर रेघ मारून शेजारी सही, ही आमची रीत.
सही केली नाही.
एक पूर्णांक ब्याऐंशी.
टेकडी कागदावर हातभर खचली,
आणि जागेवर हातभर वाचली.

खुंटीवर लाल रंगाने लिहिलं: कट अर्धा मीटर.
मशीनवाल्याने तेवढाच काढला.
त्याला काय, तो डिझेलवर पगारी.

संध्याकाळी बाई माथ्यावर येऊन उभ्या राहिल्या, अनवाणी.
टाच वाळूत रोवली, उचलली, पुन्हा रोवली.
"उंच वाटते."
"वारा इथे वाळू आणून टाकतो," मी म्हणालो.
हे खोटं नव्हतं. या महिन्यातलं नव्हतं, इतकंच.
त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.
मला वाचता आलं नाही, मी वाकूनही पाहिलं.

पेद्रू पट्टी खांद्यावर टाकून पुढे चालत होता.
मागे न बघता म्हणाला,
"आठ बरो काढतंस हां."

उद्या पंधरावा.
सहाला निघायचं, वारा पडलेला असताना.